रविवारी कामाचं विचारायचं नाही

फोन सायलेन्सरपासून किती लांब धरायचा, ते आता मला बरोबर जमायला लागलंय. फार जवळ धरला तर पलीकडच्याला नुसती फरफर ऐकू जाते, लांब धरला तर वारा सगळा आवाज खाऊन टाकतो. रत्नागिरीबाहेर आरे-वारेच्या चढावर, दोन्ही किनारे एकदम दिसतात त्या वळणाला, दर रविवारी सकाळी मी माझी जुनी राजदूत उभी करते, कल्याणला दत्तादादाला फोन लावते आणि किक मारते. गणपतीपुळ्याला निघालेले पर्यटक गाड्या हळू करून बघतात. बघू देत. पन्नाशी उलटलेली बाई मोटारसायकलच्या मागे उकिडवी बसून सायलेन्सरला फोन दाखवतेय, हे बघण्यासारखं आहेच की.

तिकडे दत्तादादा लेकीच्या फ्लॅटच्या गॅलरीत कान देऊन बसलेला असतो. "ऑइल जास्त घातलंयस गो बाय, आवाज जड येतोय," असं काहीतरी सांगतो. त्याचे गुडघे गेले, मग बुलेट गेली, आणि मग तोही लेकीकडे गेला. त्याला आता दोन-तीन वर्षं झाली असतील. पण माझ्या गाडीचं काय दुखतंय ते अजून त्याला तिथून कळतं.

मागच्या रविवारी मात्र त्याने गाडीचं काही ऐकलंच नाही. म्हणाला, "बंद कर जरा. एक सांगायचंय." त्यांच्या इमारतीखाली बाग आहे, तिथल्या बाकावर संध्याकाळी म्हातारे बसतात. कोण बँकेत होता, कोण रेल्वेत, कोण शाळेत. "रोज विचारतात गो, तुम्ही कशात होतात म्हणून. लेकीनं सांगून ठेवलंन, बाबा ट्रान्सपोर्टात होते. खोटं नाय ते. पण माझ्या घशाखाली उतरत नाय. तिथं बसलो की चोरासारखं वाटतं. ह्या आठवड्यात सांगून टाकतो. मग बसू देत माझ्या शेजारी, नायतर उठून जाऊ देत."

"आणि उठून गेले तर?" मी विचारलं.

"तर गॅलरी हाय की."

आज तो रविवार. मघापासून फोन लावतेय, उचलत नाही. तो काय काम करायचा ते सांगते, पण मला जसं कळत गेलं तसंच सांगणार. घाई करायची नाही. तसंही त्याचा फोन येईपर्यंत मला दुसरा उद्योग काय आहे?

ह्या वळणाच्या खालच्या अंगाला, सुरूच्या झाडांना लागून, काकूंची टपरी होती. आता तिथे रंगीत छत्र्या आहेत आणि नूडल्सचा वास आहे. तेव्हा चार वासे, वर झावळ्या आणि चुलीवर कायमचं चढवलेलं आधण. लाकडं ओली असली की चहाला धुराचा वास यायचा, आणि खरं सांगते, तो नसला की चहा प्यायल्यासारखं वाटायचं नाही. काकू भजी तळताना समुद्राकडे बघायच्या, कढईकडे नाही. तरी एक भजं कधी करपलं नाही.

आम्ही चौघं, मी, दत्तादादा, विनायक आणि बाळू, दर रविवारी उजाडता उजाडता रत्नागिरीतून निघायचो. शिरगाव सुटलं की खाडीचा चिखलट, खारट वास नाकात शिरायचा, मग कुणाच्या तरी अंगणातल्या पेटलेल्या पाल्याचा, मग ओल्या वाळूचा. इथे पोचलं की गाड्या ओळीने लावायच्या आणि सगळ्यांनी एकदम बंद करायच्या. मग कुणी बोलायचं नाही. तापलेले सायलेन्सर गार होताना टिक्‌ टिक्‌ वाजतात. प्रत्येक गाडीची टिकटिक वेगळी. ती थांबेपर्यंत गप्प उभं राहायचं आणि मग काकूंना हाक मारायची. ही रीत कुणी पाडली ते आठवत नाही. दुसरा नियम कुणाचा ते मात्र पक्कं आठवतं. तो दत्तादादाचा. रविवारी कुणी कुणाला कामाचं विचारायचं नाही, आणि आपण होऊन सांगायचंही नाही.

"आठवडाभर तेच तर असतं," तो म्हणाला होता. "इथं आपण फक्त गाडीवाले."

आम्हा सगळ्यांना ते लगेच पटलं. मी ब्लाउज शिवायचे, अजून शिवते. मुंबईला गेलेल्या भावाची राजदूत मी चालवते म्हणून आळीत आधीच बोंब होती. त्यात ब्लाउज शिवणारी बाई फटफटीवर, ह्यावर लोकांनी इतके फालतू विनोद केले होते की रविवारी तरी ते नको वाटायचे.

पण विचारायचं नाही म्हणजे कळायचं नाही, असं थोडंच असतं? माणसाचं काम त्याच्या अंगाला चिकटून येतं. माझ्या ओढणीला दोऱ्यांची टोकं, बोटांना खडू. विनायक यायचा तो डबल सायलेन्सरच्या गाडीवरून, शर्टाला धूप-कापराचा वास, नखांत गंध. ऊन जरा वर आलं की त्याची चुळबुळ सुरू व्हायची, कारण कुणाच्या तरी घरी पूजा खोळंबलेली असायची. बाळूचे हात बघितले की आपल्यालाच थंडी वाजायची, इतके ते पांढरे आणि भेगाळलेले. अंगाला मासळीचा वास तर असा, की काकूंचं मांजर दुसऱ्या कुणाकडे जायचंच नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावर त्याचं काहीतरी आहे एवढं शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

दत्तादादाचं मात्र काही म्हणजे काही कळायचं नाही. इस्त्रीचा शर्ट, कापलेली नखं आणि अंगाला लाल साबणाचा वास. एवढंच. इतका स्वच्छ माणूस मी दुसरा बघितला नाही. चहाच्या आधी हात धुवायचा, भज्यांच्या आधी पुन्हा धुवायचा. "मुलगी बघायला चाललायस का रे?" मी विचारायचे. तो हसायचा आणि रुमालाने एकेक बोट पुसत बसायचा.

आणि गाडी चालवायचा ती! अहो, बुलेटसारखी गाडी हाताखाली, आणि हा चालवतोय कशी, तर डोक्यावर पाण्याची घागर असल्यासारखी. हॉर्न नाही, ओव्हरटेक नाही. खड्डा आला की इतका अलगद उतरवायचा की मागे अंड्यांचा ट्रे बांधला असता तर घरी पोचला असता. मी मागून हॉर्न वाजवून जीव खायचे. "दादा, टाकीत पेट्रोल भरलंयस की पेज?" "दादा, बाजूला हो, मागून गोगलगाय येतेय, तिला घाई आहे!" माझ्या तोंडाला तेव्हाही धरबंध नव्हता. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि गालात हसायचा. मला आता वाटतं, तो त्या शिव्या खायलाच यायचा.

ते दिवस मला वासांवरून आठवतात. माघात रस्ताभर आंब्याच्या मोहोराचा वास, इतका की डोक्याचा रुमाल सोडून टाकावासा वाटायचा. पुढे काजूच्या बोंडांचा आंबूस दर्प, आणि त्यात आमच्या टू-स्ट्रोक गाड्यांचा निळा धूर मिसळलेला. भाद्रपदात आम्ही गाड्या वर सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, न्यायचो. कातळावर पाय ठेवायला जागा नसायची इतकी निळी-जांभळी फुलं. बाळू त्यातून धोतर सावरल्यासारखी पँट धरून चालायचा आणि एखादं फूल चिरडलं की चक्क "सॉरी" म्हणायचा. दसऱ्याला ओढ्याच्या पाण्यात गाड्या धुवायच्या, हँडलला झेंडू, टाकीवर कुंकवाचं बोट. नारळ विनायक फोडायचा. दत्तादादा तेव्हा लांब उभा राहायचा आणि त्याच्या गाडीला हार मलाच घालायला लावायचा. आम्हाला वाटायचं, देवाधर्माचं वावडं असेल. कुणाच्या लग्नाकार्यालाही तो यायचा नाही. बाळूच्या लग्नाची पत्रिका हसत घेतली, अहेर पाठवला, पण स्वतः आला नाही. मी त्याला तोंडावर शिष्ट म्हटलं होतं.

आणि हर्णै. थंडीत एकदा तरी जायचंच. वाटेतल्या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. बोटीवर चढवलेली मोटारसायकल म्हणजे परक्या घरी जेवायला बसलेल्या जावयासारखी अवघडलेली दिसते. संध्याकाळी हर्णैच्या वाळूत लिलाव चाललेला, होड्यांतून टोपल्या उतरतायत, बायकांचे आवाज सगळ्यांच्या वर. सगळीकडे सुक्या मासळीचा वास, तो घरी गेल्यावर केसांतून आठवडाभर जायचा नाही. तिथे बाळूने कुणाच्या तरी पेटीतला बर्फाचा खडा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाला, "ह्यांचं पाणी जड हाय. आमची लादी बघा म्हणावं, आरपार दिसतं." आणि जीभच चावली त्याने. कामाचं बोलला ना! आम्ही हसून हसून वाळूत बसलो. सगळ्यात जास्त दत्तादादा हसत होता, डोळ्यांतलं पाणी पुसत. तो हसरा चेहरा मला अजून त्या मासळीच्या वासासकट दिसतो.

मग तो मंगळवार आला. आमचं गाव लांज्याकडे. बाबा चिरेखाणीत चिरे काढायचे. त्यांना रत्नागिरीला हॉस्पिटलात आणलं होतं आणि सकाळी ते गेले. कसे गेले ते राहू दे. ऊन तापायला लागलं होतं. भाऊ मुंबईहून निघाला होता, पण त्याला पोचायला दिवस मावळणार होता. तोपर्यंत बाबांना गावी, आईजवळ, नेऊन ठेवायचं होतं. काकांनी कुणाला तरी फोन केला. मी बाहेर पायरीवर बसले होते. शववाहिनी इतकी हळू आली की आलेली मला कळलीच नाही. ड्रायव्हर उतरला. इस्त्रीचा शर्ट.

माझ्या मनात काय आलं सांगू? आधी आलं, बरं झालं, दत्तादादा आला, त्याला कुणीतरी कळवलं. मग मी गाडीकडे बघितलं. मग त्याच्या हातातल्या पांढऱ्या चादरीकडे. तो जागच्या जागी उभा होता. त्याचा चेहरा असा पडला होता की त्या स्थितीतही मला त्याची दया आली.

"तुझं कोण?" त्याने विचारलं.

"बाबा."

त्याने चादर काखेत धरली, हात जोडले आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "पुढे बस माझ्या शेजारी. मी बघतो सगळं."

गाडी सरळ लांज्याच्या रस्त्याला लागली नाही, आधी बंदराकडे वळली. भाऊ येईपर्यंत बर्फ लागणार होता. आमच्याकडे हे नेहमीचंच. मुलगे मुंबईला, आणि इथं कुणी गेलं की ते येईपर्यंत बर्फावर वाट बघत पडून राहायचं. मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्याच्या दारात दादाने गाडी उभी केली. हॉर्न वाजवला नाही, नुसता दिवा लावला आणि विझवला. आतून खांद्यावर गोणपाट, गोणपाटावर बर्फाची लादी घेऊन माणूस आला. तो बाळू होता. सवयीने गाडीच्या मागच्या दाराकडे निघाला आणि पुढच्या काचेतून मी त्याला दिसले.

आम्ही तिघं, आणि रविवार नव्हता. कोण काय करतं ते सगळं भर उन्हात उघडं पडलेलं. बाळूच्या खांद्यावरून पाणी गळत होतं, पण त्याने लादी खाली ठेवली नाही. तशीच धरून म्हणाला, "ऊन हाय. एक जास्त टाकतो." दोघांनी मिळून भुसा पसरला, लाद्या लावल्या, गोणपाटाने झाकल्या. मग बाळू माझ्या बाजूला आला आणि खिडकीवर हात ठेवून उभा राहिला. मी त्याच्या हातावर हात ठेवला. तो हात इतका गार होता की मला रडू फुटलं. सकाळपासून रडत होते, पण ते रडणं हे नव्हतं.

मग दत्तादादाने गाडी काढली. पालीच्या पुढे रस्ता उखडलेला होता, मोठाले ट्रक अंगावर येत होते, आणि हा माणूस दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, एकेक खड्डा आधीच बघून, अलगद उतरवत नेत होता. ज्या चालवण्याला मी इतकी वर्षं नावं ठेवली होती, तेच हे चालवणं. मागे माझे बाबा होते आणि त्यांना एकही धक्का बसत नव्हता. गावात शिरल्यावर शेवटची वाट म्हणजे नुसते तांबडे दगड. तिथे त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. आत्ता आठवतानासुद्धा मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते सांगता येत नाही. माया म्हणा. बाबांना उतरवलं, मी आईकडे धावले. नंतर वळून बघितलं तर गाडी निघून गेलेली होती.

दिवसकार्य आटपल्यावर पहिल्या रविवारी मी इथे आले. विनायक होता, बाळू होता. दत्तादादा नव्हता. पुढच्या रविवारी नव्हता, त्याच्या पुढच्याही. विनायकाला काहीच माहीत नव्हतं, तो म्हणाला आजारी असेल. मी बाळूला झाडांकडे ओढून नेलं.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"बर्फ दुसऱ्या कुणाकडनं नेणार तो? आठवड्यातनं कितीदा तरी गाठ पडते आमची."

"आणि मला इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"कामाचं बोलायचं नाय ना," बाळू म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं, जशी काही वेडी मीच. मग खाली बघत म्हणाला, "तो तुझ्यामुळं येत नाय गो."

"माझ्यामुळे? मी काय केलं त्याचं?"

"तू काय नाय केलंस. पण ज्यांचं माणूस तो पोचवतो, ते त्याला मग रस्त्यात बघून तोंड फिरवतात. दुकानात शेजारी उभे राहात नायत. तो दिवस आठवतो त्यांना. लग्नाला तो का येत नाय, अजून कळलं नाय तुला? इथं त्याला कुणी टाळत नव्हतं. तू जर तोंड फिरवलंस, तर हापण रविवार गेला त्याचा. त्यापेक्षा आपणच यायला नको, असं त्यानं ठरवलंन."

मला राग आला. इतका राग, की भजी टाकून उठले, किक मारली आणि तडक शहरात, त्याच्या दारात. बुलेट अंगणात उभी होती आणि तिच्यावर धूळ होती. दत्तादादाच्या गाडीवर धूळ! मी हॉर्नवर अंगठा दाबून ठेवला. तो बाहेर आला आणि त्याच्या आधी लाल साबणाचा वास आला.

खोटं कशाला बोलू? हॉस्पिटलची पायरी, चादर, बर्फाचं गळणारं पाणी, सगळं एकदम अंगावर आलं. मान आपोआप वळायला लागली. लोक का तोंड फिरवतात ते मला तिथे कळलं. त्यांच्या मनात वाईट नसतं, सहन होत नाही एवढंच. पण तो माझ्या मानेकडेच बघत होता, म्हणून मी ती वळवली नाही. त्याच्याकडे बघत, भर सकाळी, शेजारीपाजारी खिडक्यांत आलेले असताना, मी भोकाड पसरलं.

"बघ," तो म्हणाला. "म्हणून नव्हतो येत."

"मला रडायचंय तर मी रडेन," मी म्हटलं. "दर रविवारी रडेन. भजी खाताना रडेन. तुझ्या काकाचं काय जातंय? तू गाडी काढ."

"बाय, ऐक माझं…"

"काढ म्हणते ना! की आणखी हॉर्न वाजवू?"

त्याने फडकं आणलं आणि सीट पुसायला लागला. पुसतच राहिला बराच वेळ, माझ्याकडे पाठ करून. मग आम्ही निघालो. मी पुढे, तो मागे. आरशात तो दिसला की मला रडू यायचं, आणि वळणावर दिसेनासा झाला की काळजी वाटायची. पोचलो तोपर्यंत काकूंची भजी संपली होती आणि बाळू एकटाच आमच्यासाठी एक बशी धरून बसला होता.

असे काही रविवार मी खरंच रडत भजी खाल्ली. नंतर कधी रडू यायचं थांबलं ते माझं मलाही कळलं नाही. एकदा चढावर तो मागे रखडला आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, "अरे, गोगलगाय गणपतीपुळ्याला पोचली सुद्धा!" बाळू खदाखदा हसला. दत्तादादाने गाडी लावली आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. त्या दिवशी त्याने हात धुवायला फार वेळ लावला. विनायकाला सगळं कळल्यावर तो काही रविवार फिरकला नाही. मग आला, आणि आम्हीही काही विचारलं नाही.

आता त्यातलं काही नाही. काकू गेल्या, टपरी गेली, रस्ता रुंद झाला. विनायक पूजेला कारने जातो. बाळूचे खांदे कामातून गेले, तो नातवंडं सांभाळतो. त्या धुरकट चहाची, त्या टिकटिकीची, हर्णैच्या वाळूत हसणाऱ्या आम्हा चौघांची मला फार आठवण येते. माणूस कितीही मोठ्या तोंडाचा असला, तरी हे एकट्याने बसून कुणाला सांगायचं?

फोन वाजला.

"कुठे उलथला होतास?" मी ओरडले. "मघापासून जीव टांगणीला लागलाय माझा!"

"खाली होतो गो. फोन वर राहिला."

"सांगितलंस?"

"काल संध्याकाळी सांगितलं. म्हटलं, मी शववाहिनी चालवायचो. उभा जन्म तेच केलं."

"मग?"

"मग काय. एकाला फोन आला. एकाकडे पाहुणे यायचे होते. बाक रिकामं झालं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी तिथल्या तिथे त्या सगळ्या म्हाताऱ्यांना मनात शिव्या घातल्या. "रेल्वेवाला तेवढा बसून होता. त्याला कमी ऐकू येतं. मला वाटलं, त्याला ऐकूच गेलं नसणार."

"आणि?"

"मग त्यानं विचारलंन, मोकळे आहात का, माझ्या घरी चला. गेलो. भिंतीवर बायकोचा फोटो. गेल्या वर्षी वारली त्याची. मला खुर्चीत बसवलंन, आणि फोटोला सांगतो, अगं, हे बघ कोण आलेत. तुझ्या वेळचे हे नव्हेत, पण तेच काम करायचे." दत्तादादा सांगत गेला. "मग मला म्हणाला, 'त्या दिवशी हिला ज्यानं नेलं, त्याच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही हो. पाणी विचारलं नाही. वर्षभर मनात खातंय ते.' आणि आत जाऊन स्वतः चहा केलान. हात कापतात त्याचे. निम्मा बशीत सांडला."

"प्यायलास?"

"प्यायलो की. बशीतलापण." मग म्हणाला, "आज सकाळी हाक मारायला आला, फिरायला चला म्हणून. म्हणून फोन वर राहिला."

खाली भरती लागली होती. पलीकडे त्याच्या गॅलरीतल्या कबुतरांची फडफड ऐकू येत होती.

"बाय, काल निघताना एक झालं," तो म्हणाला. "आमच्या कामात कुणाच्या दारातनं निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. आम्ही परत यावं असं कुणाला वाटेल? खाली मान घालून नुसतं निघायचं. मग तीच सवय लागली. मी कुणालाच कधी म्हटलं नाय, अगदी सख्ख्या बहिणीच्या दारातसुद्धा नाय. काल चपला घातल्या आणि तो दाराची कडी धरून म्हणाला, परत या हं."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, येतो."